कुठल्याही चक्रावर कुठलीही चेन

माझ्या भाऊजींना आमच्या गल्लीत सगळे कानसवाले म्हणतात. धंदा सायकलदुरुस्तीचा, पण पाना, हातोडी, पंप ही हत्यारं त्यांच्या लेखी पोटापुरती. लोखंड घासायची कानस म्हणजे जीव की प्राण. एका कंपनीचं चक्र, दुसरीचं फ्रीव्हील आणि तिसरीची चेन असा सगळा सावळा गोंधळ समोर आला, की दुसरा मेकॅनिक डोकं खाजवतो आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावतो. भाऊजींची कळी खुलते. चेन अरुंद असेल तर चक्राचे दाते दोन्ही अंगांनी घासून बारीक करायचे. फ्रीव्हील आत बसत असेल तर मागे वॉशर सरकवायचा. चक्र डुलत फिरत असेल तर ऐरणीवर ठेवून ठोकायचं. "हातात कानस आहे तोवर मला कुठलीच कंपनी परकी नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि गिऱ्हाईक हसे. मीही हसत असे. आता ते वाक्य नुसतं आठवलं तरी माझं डोकं उठतं.

मी त्यांचा मेहुणा. त्यांच्या दुकानाला लागून माझं शिवणकामाचं दुकान आहे, मधे फक्त एक पत्रा. ताई लग्न होऊन इथे आली आणि तिच्यामागोमाग मीही आलो, म्हणून लोक मला आंदणातला भाऊ म्हणून चिडवायचे. चिडवू देत. पण त्या पत्र्यामुळे भाऊजींचा सगळा धंदा मी कानांनी पाहिला आहे. कानस कुठल्या जातीची आहे, दाता लोखंडाचा आहे की पोलादाचा, गिऱ्हाईक घाईत आहे की गप्पिष्ट, हे मला मशीनवरून मान न उचलता कळतं.

त्यांचा एक नियम होता. जे झिजलं तेवढंच बदलायचं. चेन गेली तर चेन, चक्राला हात लावायचा नाही. चांगलं लोखंड भंगारात टाकणं त्यांना पाप वाटे, आणि सगळं एकदम बदलणारा मेकॅनिक त्यांच्या मते मेकॅनिकच नव्हे, नुसता दुकानदार. "बदलायला काय, माकडही बदलेल," असं म्हणत. ऐकायला बरं वाटतं. पण मी शिंपी आहे, मला माहीत आहे, झिजलेल्या शर्टाला कोरी कॉलर लावली की आठवड्यात कॉलरच्या खालचं कापड फाटतं. चेन आणि चक्र तशीच एकमेकांबरोबर झिजतात. वापरून वापरून चेन ताणते, कडीकडीतलं अंतर केसभर वाढतं, आणि चक्राचे दाते त्या वाढलेल्या अंतराच्या सोयीने झिजत जातात. जुनी चेन जुन्या दात्यांवर खडखडत का होईना, चालते. नवी चेन त्याच दात्यांवर टाकली की ती नीट खाली बसत नाही. सपाटीवर कळत नाही. जोर लावला की चेन दात्यांवर चढते आणि सटकते.

हे मला भाऊजींनी नाही सांगितलं. सायकलीचे सुटे भाग विकणारे जे घाऊकवाले आहेत, त्यांनी सांगितलं. भाऊजींना सटकणं माहीत होतं, पण त्यावर त्यांचं औषध ठरलेलं, आणखी घासा. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलंही नव्हतं. चेन सटकली की सायकलवाल्याचा गुडघा हँडलला आपटायचा, तो दोन शिव्या हासडायचा आणि सायकल घेऊन परत यायचा. भाऊजी शिव्या ऐकून घ्यायचे आणि कानस उचलायचे.

ताई दवाखान्यात नर्स होती. कडक. तिने बांधलेलं बँडेज सैल पडलं असं कधी झालं नाही, आणि दुसऱ्याने बांधलेलं तिला कधी पसंत पडलं नाही. घरी तोच खाक्या. चादरीला सुरकुती पडली की माणसाला उठवून नीट घालणार. मी शिवलेल्या ब्लाऊजची बाही तिने अंगावर घालून बघितली आणि "बरी आहे" म्हणाली, तो दिवस मी मिरवला होता. भाऊजींच्या नखांतलं ग्रीस तिला रोज दिसायचं आणि रोज ती बोलायची. भाऊजी रोज ऐकायचे. संसार असा छान चालला होता.

मग तिच्या पाठीच्या कण्याला काहीतरी झालं. आधी पाय जड झाले, मग ते नुसते असल्यासारखे राहिले. दुकानामागच्या खोलीत खिडकीला लावून तिची खाट आली. चाकाची खुर्ची आली, आणि ती ढकलायला कधी मी, कधी भाऊजी. ताई खुर्चीत अशी बसायची की बघवत नसे. ढकलणारा उजवीकडे वळला की ती उजवीकडे बघणार, थांबला की थांबणार. एकदा रस्त्यात मला कुणीतरी ओळखीचं भेटलं आणि मी बोलत उभा राहिलो. घरी आल्यावर ती म्हणाली, "तू गप्पा मारत होतास तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून होते. तुझ्या लक्षातही आलं नाही."



अशात एक दिवस दवाखान्यातल्या मोठ्या बाई घरी आल्या. ताई त्यांच्या हाताखाली तयार झालेली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "नावनोंदणीची खिडकी मोकळी होतेय. बसून काम आहे. पेशंटला बघून कुणाला आधी आत सोडायचं हे कळणारं माणूस मला तिथे हवंय. तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी दिसत नाही. पण एक आहे. दवाखाना उघडायच्या आत यावं लागेल, रोज. कुणाला सवड आहे, कुणाला नाही, यावर तुझं येणं अवलंबून नको."

"येईन," ताई म्हणाली. "माझी मी येईन."

त्या गेल्यावर ताईने भाऊजींना बोलावलं आणि सांगितलं, मला हाताने चालवायची तीनचाकी हवी. एका संस्थेकडून वापरलेली तीनचाकी मिळाली. छातीशी येणारं दोन मुठींचं हँडल, ते दोन्ही हातांनी गोल फिरवायचं, की वरच्या चक्रावरून चेन खाली पुढच्या चाकाच्या चक्राला फिरवते. मधे फ्रीव्हील नाही, चाक उलटं फिरलं तर हँडलही उलटं फिरतं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. चेन अशी ताणलेली की झोपाळ्यासारखी लोंबत होती. आणि आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता सपाट असला तरी मधे कालव्यावरचा पूल आहे. त्याचा चढ धडधाकट माणूसही सायकलवरून उतरून चढतो.

भाऊजींना मी इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या सायकली बाजूला सारून ते तीनचाकीभोवती बसले. जुनी चेन काढली. त्या जाडीची चेन आता कुणी बनवत नव्हतं, म्हणून दुसऱ्या कंपनीची अरुंद चेन आणली. ती दात्यांवर बसेना. मग कानस. दिवसभर पत्र्यापलीकडून खर्र खर्र ऐकू यायचं, आणि मधेच भाऊजींची शीळ. संध्याकाळी ताईला उचलून तीनचाकीत बसवलं. तिने मुठी धरल्या, फिरवल्या, आणि गाडी निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. वळताना तिने कुणाकडे बघितलं नाही. आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. दारादारांत उभे असलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. भाऊजी फडक्याने हात पुसत अशा ऐटीत उभे होते, जणू तीनचाकीचा शोधच त्यांनी लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुलावर गेलो. चढ लागला तशी चेन सटकली. हँडल एकदम हलकं झालं आणि ताईचे हात पुढे झोकले गेले. मी मागे होतो म्हणून गाडी घसरली नाही. भाऊजी म्हणाले, "दोन दाते राहिलेत घासायचे." परत आलो. घासले. परत पुलावर. परत सटकली. त्यानंतर हे रोजचंच झालं. कानस लावली की दाता बारीक व्हायचा, बारीक झाला की चेन आणखी चढायची, चेन चढली की परत कानस. दुखण्यापेक्षा औषध भारी.

मी न सांगता घाऊकवाल्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुमच्या भाऊजींचा हात सोन्याचा आहे, पण हे घासून होणारं काम नाही. वरचं चक्र, खालचं चक्र, चेन, तिन्ही एका कंपनीची, तिन्ही कोरी घ्या. सेट बांधून ठेवतो. चढावर माणूस एकटं जाणार असेल तर दुसरा विचारच करू नका."

मी हे भाऊजींना सांगितलं ते ताईच्या खाटेपाशी, मुद्दाम, तिच्यासमोर. त्यांचा चेहरा पडला. मग चिडले. "अख्ख्या गावाच्या गाड्या मी जुळवून देतो, आणि माझ्या घरच्या गाडीला सेट? उद्या दुकानात कोण येईल माझ्या?"

"अहो, पण मला तो चढ चढायचाय," ताई म्हणाली. "कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे. सेट आणा."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

आता या प्रश्नाला बायकोने काय म्हणावं?  ताईच्या जागी दुसरी कुणी पेशंट असती तर ताईने त्या बाईच्या नवऱ्याला खोलीबाहेर काढलं असतं. पण हा तिचा नवरा होता, तिच्यासाठी जेवण विसरून राबत होता, आणि ती आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच शीळ घालत होता. "आहे," ती म्हणाली. "पण नीट करा."

मी तिथेच भांडायला हवं होतं असं मला लोक सांगतात. भांडलो. भाऊजींशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सेट मी स्वतः उचलून आणला असता तर त्यांनी तो बसवलाच नसता, आणि बसवणारा गावात दुसरा कुणी नव्हता. शिवाय तेवढ्यात चेन सटकायची थांबली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. भाऊजींनी चेनीतली एक कडी काढून ती ताणून बसवली होती, आणि आम्ही पुलावर गेलो तर ताई चढून गेली. वर पोचल्यावर तिने मागे वळून भाऊजींकडे बघितलं. लग्नात त्यांच्याकडे बघितलं असेल तसं. मी मान फिरवली. बहिणीला असं बघताना भावाने बघू नये.

मोठ्या बाईंचा निरोप आला, सोमवारपासून या.

सोमवारी ताईने दवाखान्याची पांढरी साडी नेसली. नेसवायला शेजारची बाई आली होती, तिला निऱ्यांवरून दोनदा बोलणी बसली. निघताना ताईने बजावलं, कुणी बरोबर यायचं नाही. भाऊजी दुकानाच्या पायरीवर थांबले. मी बटणं आणायच्या निमित्ताने बराच मागे राहून चालत निघालो. तिला दिसणार नाही इतका मागे. आणि म्हणूनच उपयोगाचा नाही इतका मागे.

पुलाचा चढ तिने अर्ध्यापेक्षा जास्त चढला. मला तिची पाठ दिसत होती, खांदे एकामागून एक पुढे जात होते. मग खट्ट असा आवाज आला. हँडल मोकळं गरकन फिरलं, गाडी थबकली आणि मागे यायला लागली. एवढ्यावर भागलं असतं तर गाडी कठड्याला टेकली असती. पण मागे येता येता त्या चेनीने झिजलेल्या दात्यांत परत पकड घेतली, आणि उलट्या फिरणाऱ्या चाकाने हँडल उलटं फिरवलं. ताईने मूठ सोडली नव्हती. ती सोडणारी बाई नव्हे. तिचा उजवा हात त्या मुठीबरोबर मागे, वर आणि असा गेला की मी धावता धावता डोळे मिटले.

तिला तिच्याच दवाखान्यात नेलं, एका भाजीवाल्याच्या हातगाडीवरून. त्याच खिडकीसमोरून. खिडकी उघडी होती, आत खुर्ची तयार होती, आणि मोठ्या बाई तिची वाट बघत बाहेर उभ्या होत्या. ताईचे ओठ पांढरे पडले होते. ती त्यांना म्हणाली, "उशीर झाला." त्या बाई मोठ्या खंबीर. भिंतीकडे वळून रडल्या.

खांदा निखळला होता तो बसवला. पण आतली नस तुटली होती, ती काही कुणाला बसवता आली नाही. हात कोपरापासून थोडा हलतो, खांद्यातून उचलत नाही. एका हाताने ते हँडल सपाटीवरही फिरत नाही, चढाची गोष्ट सोडा. मोठ्या बाईंनी खिडकी जमेल तितके दिवस रिकामी ठेवली, आणि मग एका दुसऱ्या मुलीला दिली. द्यायलाच हवी होती. रांग काही कुणासाठी थांबत नाही.

भाऊजी घाऊकवाल्यांकडे गेले आणि सेट घेऊन आले. वरचं चक्र, खालचं चक्र, चेन, सगळं एका कंपनीचं. सगळं पाना फिरवून जिथल्या तिथे बसलं. मग तीनचाकी ताईच्या खाटेसमोर आणली, पुढचं चाक उचलून धरलं आणि हँडल फिरवून दाखवलं. काही आवाज नाही. चेन पाण्यासारखी फिरत होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी फेकून मारेल. डावा हात धड होता तिचा.

"छान फिरतंय," ती म्हणाली.

भाऊजी हँडल फिरवतच राहिले. मग म्हणाले, "मी रोज ढकलत नेतो तुला. मोठ्या बाईंशी बोलतो, त्या दुसरं काही काम देतील. दुकान उशिरा उघडेन."

"ढकलूनच जायचं असतं तर खुर्ची होती की." मग तिने त्यांना बसायला सांगितलं, आणि ते खाटेच्या कडेवर बसल्यावर, पेशंटला आजाराचं नाव सांगावं तशा आवाजात म्हणाली, "हे तुमच्यामुळे झालं. मी सेट आणा म्हणाले होते, तुम्ही आणला नाहीत. मी एकदाच बोलतेय, कारण न बोलता राहिले तर तुम्ही नशिबावर ढकलाल. परत हा विषय मी काढणार नाही."

आणि तिने तो काढला नाही. हाच तर घोळ झाला. गल्लीतले लोक भाऊजींना सांगत, तुमचा काय दोष, कंपन्या हल्ली मालच असा काढतात. मी सांगत असे, दोष तुमचाच. दोन्ही त्यांना नको होतं. त्यांना ताईची बोलणी खायची होती. ते पत्र्याआडून मला विचारायचे, "काल बसला होतास तिच्याजवळ. काही म्हणाली का रे?" मी म्हणायचो, नाही. मग पलीकडे बराच वेळ काहीच वाजायचं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मला त्यांचा राग येतो, अजून येतो, आणि त्या शांततेत त्यांच्यासाठी जीवही तुटतो. दोन्ही एकदम येतं आणि मी मशीनचं पायडल जोरात मारत सुटतो.

वेणीला दोन हात लागतात. ती आता भाऊजी घालतात. सकाळी हात साबणाने धुतात, परत धुतात, ब्रशने नखं घासतात, आणि मग कंगवा घेतात. परवा मी चहा द्यायला गेलो तेव्हा ते तिच्यामागे बसून भांग पाडत होते. भांग वाकडा गेला होता, कपाळापासून डावीकडे, चांगला बोटभर. नखांच्या कडेला ग्रीसही होतं थोडं. ताईच्या समोर आरसा होता आणि तिची नजर आरशातच होती.

भाऊजींनी कंगवा थांबवला. त्यांनी तो मुद्दाम वाकडा पाडला होता का, हे मी त्यांना कधी विचारणार नाही. पण त्यांच्या तोंडावर अशी आशा होती की मी ट्रे तिथेच खाली ठेवला.

"वाकडा पडला का गं?" त्यांनी विचारलं.

ताईने आरशात बघितलं. "असू दे," ती म्हणाली.

माझी बहीण जन्मात कधी कशाला असू दे म्हणालेली नाही.